सडलेल्या फियाटमधून कामाचे भाग काढायचे असतील तर ग्राइंडर सर्वांत शेवटी

आजवर पाच-सहा जणांनी मला पोतं आणून दाखवलंय. पोतं उघडलं की आतला माल ओळखीचा असतो. ब्रॅकेटसकट कापलेला बंपर, मुळापासून वायरी छाटलेला मीटर, एका बाजूचंच दरवाजाचं हँडल, मोडलेल्या पिनांची नावाची अक्षरं आणि तळाशी दोन-तीन किलो बेवारस नट-बोल्ट. काचा नसतात, त्या फुटलेल्या असतात. गिअरच्या दांड्या नसतात, त्या गाडीबरोबर भंगारात गेलेल्या असतात. इंजिन मात्र सगळ्यांनी पहिल्याच दिवशी काढलेलं असतं, कारण तेच मौल्यवान असं प्रत्येकाला वाटतं.

अडचण हातातल्या कसबाची नसते, क्रमाची असते. जुन्या गाडीतला बहुतेक चांगला माल वर्षानुवर्षांच्या गंजाने जात नाही, उकलणाऱ्याच्या पहिल्या दोन दिवसांच्या घाईने जातो. खाली दिलेला क्रम प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० डी, म्हणजे १०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनची गाडी, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. १३७ डी ही डिझेल गाडी असेल तर इंजिनाचा भाग सोडून बाकीचं तसंच लागू पडेल.

आधी खात्री करा: गाडी खरंच गेली आहे का?

पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, नाही. पत्र्याची बॉडी हीच चासी. म्हणून रंग उडाला, मडगार्ड सडलं, डिकीच्या झाकणाला भोकं पडली, एवढ्यावरून गाडी भंगारात काढू नका. ते सगळं डेंटर करून देतो. बघायच्या जागा चारच आहेत: दरवाजांखालची सिल, ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ, पुढचं सस्पेन्शन बॉडीला जिथे धरलंय तो भाग, आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे, हँगर.

जाड स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि या चारही ठिकाणी जोर लावून टोचा. चांगला पत्रा टणक लागतो. सडलेला असेल तर स्क्रू-ड्रायव्हर बिस्किटात घुसावा तसा घुसतो. लोहचुंबकही फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. मग एक बाजू जॅकवर थोडी उचला आणि त्या बाजूचे दरवाजे उघडून-लावून पाहा. दरवाजा अडकायला लागला किंवा फट बदलली, तर बॉडी वाकतेय आणि सिल गेलेली आहे. चारपैकी तीन ठिकाणं गेली असतील तर मी गाडी उभी करण्याच्या भानगडीत पडत नाही. हा माझा हिशोब आहे. पैसा आणि वेळ भरपूर असेल तर तुमचा वेगळा असू शकतो.

इशारा: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राहिलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. २०२१ मध्ये तसे केंद्रीय नियम झाले आणि अशा गाड्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. तुमची गाडी त्या वयाची असेल आणि वरच्या चारपैकी दोनच ठिकाणं गेली असतील, तर पान्हा उचलण्याआधी एखाद्या जुन्या गाड्यांच्या डेंटरला ती दाखवा.

टप्पा १: कागद

हा टप्पा सगळे शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मालकाने तसं आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. त्यासाठी कायद्यात १४ दिवसांची मुदत लिहिलेली आहे. नोंदणी रद्द झाली नाही, तर उद्या तुमच्या नावावरचा नंबर दुसऱ्याच्या गाडीवर फिरू शकतो.

शिवाय आता गाडीचा सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यायला हवा आणि ठेव-प्रमाणपत्र, म्हणजे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट', तिथूनच मिळतं. म्हणून काही उकलण्याआधी दोन ठिकाणी विचारून घ्या. आरटीओत विचारा: नोंदणी रद्द करायला काय काय लागेल, चासी नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कसा द्यायचा, जुनं कर्ज किंवा चलन बाकी दिसतंय का. स्क्रॅप केंद्रात विचारा: भाग काढलेली गाडी घेता का, कोणते भाग जागेवर असलेच पाहिजेत, आणि वजनावर भाव कसा लावता. उत्तर शक्यतो लेखी घ्या. मोकळा सांगाडा दारात नेल्यावर 'हा आम्ही घेत नाही' असं ऐकायला मिळालं, तर तो परत आणायचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो.

इशारा: चासी नंबर आणि नंबर प्लेट कुणालाही देऊ नका, विकू तर नकाच. 'आठवण म्हणून' मागणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी नाही. इंजिन विकणार असाल तर घेणाऱ्याला आरसीची प्रत आणि इंजिन नंबर घातलेली विक्रीची पावती द्या, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. त्याच्याशिवाय त्याला ते इंजिन आपल्या गाडीच्या आरसीवर चढवता येणार नाही.

टप्पा २: फोटो, तीन याद्या आणि सात दिवस तेल

पान्हा अजून पेटीतच राहू द्या. मोबाईल घेऊन गाडीभोवती फिरा आणि किमान दीडशे फोटो काढा. लांबून काढलेल्या फोटोंचा उपयोग नाही. दरवाजाच्या आतली पट्टी कुठल्या क्लिपवर आहे, वायर कुठल्या भोकातून जाते, वॉशर आत आहे की बाहेर, हे दिसलं पाहिजे.

मग तीन याद्या करा. पहिली 'हे आलंच पाहिजे', दुसरी 'आलं तर बरं', तिसरी 'सोडून द्यायचं'. पद्मिनीसाठी माझी पहिली यादी अशी असते: सगळ्या काचा, पुढच्या दरवाजांच्या त्रिकोणी काचा फ्रेमसकट, बंपर, ग्रिल, हेडलाईटच्या रिंगा, हँडलं आणि बिजागरं, मीटर, स्टिअरिंगखालच्या गिअरचा सगळा जोड, स्टिअरिंग बॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा दात्यांचा डबा), गिअरबॉक्स. इंजिन दुसऱ्या यादीत. नवखे लोक इथे चमकतात. पण फियाटचं इंजिन आजही बांधून देणारे हात आहेत. न तुटलेली त्रिकोणी काच कुणी बांधून देत नाही.

तेल घालायला या दिवसापासूनच लागा. जो नट-बोल्ट उघडायचा आहे त्यावर तारेचा ब्रश मारून रस्ट स्प्रे किंवा भेदक तेल घाला. सात दिवस, रोज संध्याकाळी एकदा. सातव्या दिवशी एका दमात अर्धा डबा ओतून हे काम होत नाही. तेलाला आट्यांमध्ये शिरायला वेळच लागतो. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं हलवून वापरणारेही आहेत आणि ते चांगलं काम करतं. मात्र ते मिश्रण पटकन पेट घेतं आणि रंग खातं.

याच वेळी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा आणि प्लग हाताने परत लावून ठेवा. का, ते टप्पा ७ मध्ये येईल.

तपासा: सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात आणि डिकीत हात घालण्याआधी काठी फिरवा. कोकणातल्या पडवीत उभ्या असलेल्या गाडीत गांधीलमाशांचं पोळं, विंचू आणि उंदराचं घरटं यांपैकी दोन गोष्टी तरी सापडतात.

टप्पा ३: पेट्रोल, तेल, बॅटरी

बॅटरीची आधी अर्थची तार काढा, मग दुसरी. बॅटरी बाहेर ठेवा, बदल्यात द्यायला कामी येते.

पेट्रोल टाकीतून हातपंपाने काढा. तोंडाने ओढू नका. टाकी रिकामी झाली म्हणजे धोका गेला असं बिलकूल नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त वाईट, कारण आत वाफ असते आणि स्फोट वाफेचा होतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात आणि पडवीच्या कोपऱ्यात साचून राहते. टाकी पहिल्याच दिवशी गाडीतून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उघडी ठेवा आणि पेट्रोलची नळी इंजिनापर्यंत पूर्ण काढा. टाकीवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग कधीही नाही. पाण्याने धुतली असली तरी नाही.

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल वेगवेगळ्या कॅनमध्ये काढा. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, तेव्हा शेजारी ठेवलेल्या बंपर-मडगार्डांची काळजी घ्या. काढलेलं तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या.

डिफरन्शियलचं तेल काढताना ते पांढऱ्या ताटलीत थोडं घेऊन उन्हात धरा. बारीक चमक दिसली तर चालतं. नखाएवढे कण आले तर दाते झिजलेत, आणि तो भाग पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत गेला. दुधट दिसलं तर आत पाणी आहे.

टप्पा ४: गाडी चाकांवर असतानाच घट्ट नट सैल करा

गाडीचं वजन तुमच्या बाजूने असतं तोवर त्याचा फायदा घ्या. पुढे इंजिन निघालं, चाकं निघाली की जाम नटावर जोर दिला तर सगळा सांगाडाच हलतो आणि पान्हा सटकतो. म्हणून चाकांचे नट-बोल्ट, हबचे नट, क्रँक पुलीचा नट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॉकअॅब्झॉर्बरचे नट आत्ताच पाव-अर्धा फेरा सैल करून तसेच ठेवा. आत्ता काढून टाकायचं काहीच नाही.

फियाट इटलीची, म्हणून तिचे आटे मिलिमीटरचे. अॅम्बेसेडरवर काम केलेल्याच्या पेटीत इंची पान्हे असतात, ते इथे 'जवळजवळ' बसतात, आणि त्या जवळजवळने नटाचे कोपरे गोल होतात. सहा कोपऱ्यांचं सॉकेट वापरा, बारा कोपऱ्यांचं नको.

नट हलत नसेल तर आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने दाबा. 'कट्' असा आवाज आला की उलट फिरवा. तरी नाही हलला तर नट गॅसने तापवा, बोल्ट नव्हे. आजूबाजूला रबर किंवा पेट्रोलची लाइन असेल तर तापवू नका. आणि एखादा नट उलट्या आट्यांचा तर नाही, हे बाहेर आलेले आटे निरखून आधीच बघा. अर्धा तास उलट दिशेला जोर लावत बसण्यापेक्षा ते परवडतं.

टप्पा ५: काचा, क्रोम आणि नावाची अक्षरं

उकलायला खरी सुरुवात इथून. जे फुटतं, वाकतं किंवा ओरखडतं ते आधी बाहेर. लोक इंजिन आधी काढतात आणि चेनकुप्पीची, म्हणजे इंजिन उचलायच्या कप्पीची, साखळी काचेवर आपटते.

विंडशील्डचं रबर जुनं आणि कडक असेल तर ते वाचवण्याचा मोह सोडा. काचेच्या कडेने बाहेरची ओठी धारदार चाकूने कापून काढा. मग एक जण आत बसून वरच्या कोपऱ्यावर हाताच्या तळव्यांनी हळूहळू दाबेल आणि दुसरा बाहेर काच झेलेल. कडक केलेली काच मधोमध ठोसा सहन करते, पण कडेला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लागलं तर क्षणात खडीसाखर होते. म्हणून लोखंडी हत्यार काचेच्या कडेला नाहीच. डोळ्यांवर चष्मा, हातात जाड मोजे. काढलेल्या काचा आडव्या रचू नका. गादीवर उभ्या टेकवून ठेवा, मध्ये गोणपाट.

त्रिकोणी काचेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझी स्वतःची एक फुटली आहे. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला त्यात माझ्या मामाची पद्मिनी सीटच्या वरपर्यंत बुडाली होती. दीड वर्षाने ती उकलायला घेतली. उजवी त्रिकोणी काच उघडेना. मी अंगठ्याने रेटलं. काच ज्या खालच्या खिळीवर फिरते ती खिळी गाळ आणि गंजाने दगड झाली होती, त्यामुळे जोर सगळा काचेवर आला आणि काचेला आरपार तडा गेला. मामा पडवीत सुपारी कातरत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पुरातनं वाचली होती रे ती." डावी काढताना काचेला हातच लावला नाही. दरवाजाचं आतलं पॅड काढलं, खालून खिळीवर आठ दिवस तेल सोडलं, मग फ्रेमचे स्क्रू काढून काच, फ्रेम आणि मागची उभी पट्टी एकत्र उचलून घेतली. ती काच आजही फ्रेममध्येच आहे. खिळी अजून जाम आहे, आणि ती मोकळी करायची घाई मला नाही.

बंपरचे बोल्ट हमखास गंजलेले असतात. इथे बोल्टचा बळी द्या. मागून हॅकसॉने बोल्ट कापा, ब्रॅकेट नव्हे. बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

गाडीच्या नावाची अक्षरं आणि हँडलं बहुधा जस्ताची ओतीव असतात आणि या वयात ठिसूळ झालेली असतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली की मागची पिन तुटते. आतून हात पोचत असेल तर क्लिप आतून काढा. पोचत नसेल तर मासेमारीचा तंगूस अक्षराच्या मागे घालून करवतीसारखा ओढत पिनेपर्यंत जा आणि पिनेपाशी तेल सोडून हळू हलवा.

टप्पा ६: आतला भाग, डॅशबोर्ड, वायरिंग

सीट आधी काढा, जागा होते. मग डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून काम. मीटर ओढून काढू नका. स्पीडोमीटरच्या केबलची रिंग मागून हाताने फिरवून सुटते. ती न सोडता ओढलं तर केबलही गेली आणि मीटरचं तोंडही.

वायरी कापायची वेळ आली तर मीटर किंवा स्विचला लागून कापू नका. वीतभर शेपूट भागाकडे राहू द्या आणि दुसऱ्या टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहा. वीतभर शेपटीचा स्विच विकला जातो, मुळातून छाटलेला जात नाही. अख्खी वायरिंग निघत असेल तर सगळ्यात उत्तम, पण इन्सुलेशन वाळून तडकलेलं असेल तर नमुना म्हणून ठेवा, पुन्हा गाडीत घालू नका.

स्टिअरिंग व्हील पुलरने काढा. हातोडीने ठोकलं तर खालचा स्टिअरिंग बॉक्स मार खातो. आणि गिअर बदलण्याच्या दांड्या, बुश, लिव्हर, खालचे सांधे हे सगळं एकाच वेळी, एकाच दुपारी काढा आणि एका पाटीवर ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने तारेने बांधून ठेवा. स्टिअरिंगवरचा गिअर नीट चालायचा तर हा अख्खा संच जागेवर लागतो. त्यातली एक पितळी बुश हरवली की गाडीवाला तीन महिने हिंडतो.

टप्पा ७: इंजिन आणि गिअरबॉक्स

बॉनेट काढताना बिजागरांभोवती रेघ मारून ठेवा. मग प्लग काढून इंजिन फिरवायच्या हँडलने किंवा पुलीच्या नटावर पान्हा लावून इंजिन फिरवून बघा. टप्पा २ मधलं तेल आता कामाला आलं. फिरत असेल तर छान. फिरत नसेल तर स्टार्टर लावून जोर करू नका, पिस्टनच्या रिंगा तुटतात. प्लग काढलेलेच ठेवून गाडी चौथ्या गिअरला टाका आणि दोघांनी मिळून हळू मागे-पुढे झुलवा, एक-दोन दिवसांच्या अंतराने. पुरात बुडालेल्या इंजिनाचं हे झुलवणंही करू नका. आत बारीक गाळ असतो आणि तो सिलिंडर खरवडतो. ते तसंच बंद बाहेर काढून रिबोअर करणाऱ्याकडे, म्हणजे सिलिंडर आतून घासून देणाऱ्याकडे, न्या.

चेनकुप्पी आंब्याच्या फांदीला किंवा पडवीच्या वाशाला टांगू नका. लोखंडी तिकाटणं भाड्याने मिळतं. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा, सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर आरपार जाणारी रंगाची रेघ मारा. शाफ्ट परत त्याच खुणेला बसला नाही तर गाडी धडधडते.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो आणि भंगारवाल्याची नजर पहिली तिथेच जाते. गळका असला तरी सोडू नका, त्याच्या वरच्या-खालच्या टाक्या वापरून कोअर बदलून मिळतो.

इंजिन उघडायचं का? माझं मत: स्वतःच बसवणार नसाल तर उघडू नका. बंद इंजिन पाच वर्षं टिकतं, उघडलेलं पाच महिन्यांत विस्कटतं. सायलेन्सर, कार्ब्युरेटर आणि पाण्याची सगळी तोंडं कापडाचा बोळा आणि चिकटपट्टीने बंद करा.

उघडणारच असाल तर इतकं पाळा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडायचं. बाहेरच्या नटांपासून आत येत, दोन-तीन फेऱ्यांमध्ये थोडे थोडे सैल करा, नाहीतर हेड वाकतं. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये छिन्नी मारणाऱ्याला मी गॅरेजच्या बाहेर उभा करतो, कारण तिथला एक ओरखडाही गॅस्केटला पुरतो. इंजिन फिरत असेल तर प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये भरून क्रँक हळू फिरवा, पिस्टन दोरीला आणि दोरी हेडला वर ढकलते. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून पुशरॉड जशा निघाल्या तशा त्यात खोचा, आठ व्हॉल्व्हही तसेच. क्रँकच्या तीन मेन बेअरिंगच्या कॅपा आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. काढताक्षणी परत आपापल्या जागी हाताने लावून ठेवा.

तपासा: इंजिन बाहेर आल्यावर इंजिन नंबर साफ करून फोटो काढा आणि आरसीशी ताडून पाहा. जुन्या टॅक्सीचं इंजिन कधीतरी बदललेलं असण्याची शक्यता मोठी. जुळत नसेल तर विकण्याआधी आरटीओत विचारा.

टप्पा ८: सस्पेन्शन, ब्रेक, मागचा अॅक्सल

गाडी पक्क्या स्टँडवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर घ्या. विटा नकोत, वीट न सांगता फुटते.

पुढची कॉइल स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर ती धरून ठेवणाऱ्या नटाला हात लावू नका, गाडी ट्रॉलीवर चढवून गॅरेजला न्या. ही स्प्रिंग सुटली तर जबडा तुटतो.

ड्रम निघत नसेल तर आधी आतून ब्रेकची अॅडजस्टमेंट पूर्ण सैल करा, मग ड्रमच्या कडेने लाकडी हातोडीने गोल ठोकत जा. आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

मागचा अॅक्सल पाट्यांसकट अख्खा काढा. डिफरन्शियलमधली दोन दातेरी चाकं, क्राउन आणि पिनियन, जोडीनेच घासून बसवलेली असतात. एका गाडीचा क्राउन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन घातला की आवाज येतोच.

टप्पा ९: आता ग्राइंडर

टाकी बाहेर, पेट्रोलची नळी बाहेर, सीट-कापूस बाहेर, तळाचं डांबरी अस्तर खरवडलेलं, हाताशी अग्निशामक आणि वाळूची बादली. एवढं झाल्यावरच ठिणगी. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहा, डांबर आतल्या आत धुमसतं.

पत्र्याचा कुठलाही तुकडा हवा त्यापेक्षा चार इंच जास्त कापा. दुसऱ्या गाडीच्या डेंटरला वेल्डिंगसाठी कड लागते. मडगार्ड बोल्टवर असेल तर बोल्ट सोडा, स्पॉट वेल्डवर असेल तर ८ मिमीच्या ड्रिलने ठिपके उडवा. छिन्नीने पत्रा पिळवटतो. चासी नंबरचा भाग आरटीओने सांगितला असेल तसाच आणि तेव्हाच कापा.

टप्पा १०: धुणं, नावं, साठवण

प्रत्येक भाग त्याच दिवशी पुसून त्याला चिठ्ठी लावा. कागदाची चिठ्ठी कसर खाते. शीतपेयाच्या कॅनच्या पट्ट्या कापून त्यावर खिळ्याने अक्षरं कोरा: 'उजवा पुढचा दरवाजा, वरचं बिजागर'. त्यातले बोल्ट त्याच भागाला तारेने बांधा.

क्रोम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. पावसाळ्यात आत घाम धरतो आणि दसऱ्यापर्यंत फोड येतात. मेण चोळून सुती कापडात गुंडाळा, जमिनीपासून वर फळीवर ठेवा. मशीन केलेल्या पृष्ठभागांवर ग्रीस.

दिसायला चांगले असले तरी परत गाडीत घालायचे नाहीत असे काही भाग: ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरची रबरं, ब्रेक लायनर, सीट बेल्ट, टायर, पेट्रोलची रबरी नळी. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे लोखंडी भाग मात्र ठेवा, स्लीव्ह घालून ते वापरता येतात. पुरातल्या गाडीची बेअरिंग हाताला कितीही मऊ फिरली तरी मी सोडून देतो.

शेवटी सांगाडा ट्रकवर चढवण्याआधी टॉर्च घेऊन एकदा आतून बाहेरून फिरा: दरवाजांच्या पोकळीत, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या कोपऱ्यात. मामाच्या गाडीच्या मागच्या सीटखाली गाळात रुतलेलं इंजिनचं हँडल सापडलं, तेच हँडल टप्पा ७ मध्ये वापरलं असतं तर पान्ह्याने बोटं सोलली नसती. ट्रक गेला की स्क्रॅप केंद्राचं प्रमाणपत्र, चासी नंबरचा तुकडा आणि आरसी घेऊन आरटीओत जा. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत एकही मोठा भाग विकायला काढू नका.